अकरा वाजता, चाळीस फूट

सात महिन्यांनी धावपट्टीवरचं गवत कापलं
आणि दुसऱ्या दिवशी नऊ खुर्च्यांच्या विमानातून
एकटा लिंडक्विस्ट उतरला.
मिनेसोटाचा, वय एकाहत्तर,
काखेत काठ्यांची लांब नळी
आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत
आजारी नसल्याचा दाखला.
तो त्याने मला दाखवला. मला, होडी हाकणाऱ्याला.
म्हटलं, ठेव आत, भिजेल.

चौदा वर्षं येतोय.
आल्या आल्या मिठी, पाठीवर थापा, सिगारचा वास.
या वेळी आम्ही धक्क्यावर उभे राहिलो
झुंजीआधीच्या दोन कोंबड्यांसारखे,
माना तिरक्या करून.

दक्षिण अँड्रॉसला पाणी इतकं उथळ
की हा समुद्र आहे हे पाहुण्याला सांगावं लागतं.
होडी सोळा फुटी. तो नाळेवर,
मी मागे मचाणावर, हातात लांब दांडा.
अंतर राखायला आम्हाला सरकारने शिकवायची गरज नव्हती.
तोंड झाकायलाही नाही.
उन्हासाठी डोळ्यांपर्यंत फडकं ओढून
आम्ही केव्हापासूनचे दरोडेखोर.

मधल्या महिन्यांत काय केलंस, त्याने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही:
शंख काढले, गिऱ्हाईक नव्हतं, तेच खाल्ले
तळून, उकडून, कच्चे, लिंबू पिळून,
इतके की धाकटी म्हणाली, बाबा,
माझ्या पोटाला कान लाव, समुद्र ऐकू येईल.
इस्मेची आई नासाऊच्या दवाखान्यात गेली.
टपालबोटीने परत आली, बंद पेटीत,
पीठ-साखरेच्या पोत्यांशेजारी.
दहाच माणसांना परवानगी,
म्हणून बाकीचं गाव
समुद्रद्राक्षांच्या झुडपांत लपून गायलं.

दिवस मोजायचे तेव्हाच सोडले होते.
होडीवर तर वाजणं म्हणजे वेळ नव्हेच, दिशा.
होडीचं नाक म्हणजे बारा.
'अकरा वाजता,' मी म्हणालो, 'चाळीस फूट. थांब.
थांब. शेपटी वर काढतोय.'
पाण्यातून काचेचा तुकडा चमकावा, तसं काहीतरी.
लिंडक्विस्टने दोर हवेत खेळवला, सोडला.
टोकाला पिसांची माशी.
माशी म्हणतात, असते कोळंबीची नक्कल.
घरी अंगणात सराव केला म्हणे,
शेजाऱ्याच्या कुत्र्यावर नेम धरून.
माशी नेमकी माशाच्या डोक्यात पडली.
गेला.
नऊ वाजता, साठ फूट. वारा आडवा. गेला.
दोन वाजता,
नाही, ढगाची सावली. चूक माझी.

सुकतीच्या शेवटच्या पाण्यात एकाने घेतली.
रीळ किंचाळलं,
दोर खारफुटीकडे पळत सुटला
आणि म्हातारा हसतोय की काय करतोय
फडक्यावरून कळेना.
एरवी ओरडायचा, फोटो काढ, बायकोला पाठवायचाय.
या वेळी कॅमेरा पिशवीतून बाहेर आला नाही.
मी विचारलं नाही. फिटंफाट.

मासा होडीजवळ आला, थकलेला, आरशासारखा.
सगळ्या पाहुण्यांना मी हेच सांगत आलो:
आधी हात ओले कर.
कोरड्या हाताने धरलंस
तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो
आणि तो मरतो नंतर, कुठेतरी, तुला न दिसता.
लिंडक्विस्टने हात बुडवले,
बोटांच्या फटी चोळल्या,
वीसपर्यंत मोजत असावा.
त्याच्या ओंजळीतून मासा माझ्या ओंजळीत.
गळ काढला. तोंड प्रवाहाकडे धरलं
आणि त्या धरण्यात
त्याची बोटं माझ्या बोटांखाली आली.
कुणी काढून घेतली नाहीत.
एक ओला जीव दोघांत धडधडत होता,
मग नव्हता.
हात पाण्यात तसेच राहिले थोडा वेळ.

परतताना, मोटर चालू करायच्या आधी,
त्याने विचारलं, उद्या किती वाजता?
मी हात लांब करून
दक्षिणेला, खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवलं.
तो तिकडे नीट बघत राहिला.
मग माझ्या लक्षात आलं,
तो वेळ विचारत होता.